परळची पायवाट ते बदलापूरची लोकल : रुग्णसेवा करणाऱ्या आयाबहिणींच्या निवाऱ्याचा इतिहास

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की चळवळीच्या आठवणी येतात, थोरामोठ्यांची चरित्रे येतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र यंदा जरा वेगळा विषय घेतला आहे. रविवारच्या वंदनेला आपल्या विहारात ज्या उपासिका दिसत नाहीत, त्यांच्याविषयी आम्हांला लिहायचे आहे. त्या वेळी त्या लोकलच्या डब्यात असतात, नाहीतर दादर-परळकडे कुणाच्या तरी आईवडिलांच्या अंथरुणापाशी असतात. कुणी रुग्णालयात मावशी आहे, कुणी परिचारिका आहे, कुणी ब्युरोमार्फत घरोघरी पेशंट सांभाळते. कल्याणच्या पुढे कर्जतच्या मार्गावर आपल्यासारख्या ज्या वस्त्या आहेत, त्यांतली एखादीच गल्ली अशी असेल, की जिथून पहाटे अशी एक बाई निघत नाही.

मुंबईच्या इतिहासात गिरण्या येतात, गोदी येते, रेल्वे येते. रुग्णालयांच्या भिंतींवर देणगीदारांची नावे संगमरवरात कोरलेली असतात. पण रात्री बेडपॅन उचलणारी, पेशंटची कूस बदलणारी बाई राहत कुठे होती आणि येत-जात कशी होती, हे कुणी फारसे विचारत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. रुग्णाची सेवा करणारे माणूस रुग्णाच्या जवळपास राहिले पाहिजे, ही गोष्ट एके काळी या शहराला थोडीफार कळत होती. पुढे शहराने तो विचार सोडून दिला, आणि वाढलेल्या अंतराचा सगळा भार त्या बाईच्या अंगावर टाकला. हे कसे घडले, ते सनावळीसह पाहू.

प्लेगने दिलेल्या चाळी

रुग्णसेवा हा आपल्या धम्मात फार मोठा विषय आहे. अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत लोळत असलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, नीट निजवले, आणि भिक्खूंनी एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे असे सांगितले. विनयपिटकातल्या महावग्गात ही कथा आहे. शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते गुण हवेत, तेही तिथे आले आहे. मलमूत्राची, वांतीची किळस न येणे हा त्यांतला एक. ज्या कामाला इथल्या समाजव्यवस्थेने हलके ठरवले, त्या कामाला तथागतांनी असा मान दिला.

अलीकडच्या काळात हा मान सावित्रीबाई फुले यांनी आपल्या प्राणाने राखला. पुण्यात प्लेग पसरला तेव्हा मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांनाही प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

हाच प्लेग आधी १८९६ मध्ये मुंबईत फुटला होता. माणसे कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होती. साथीने सरकार हादरले, कारण मजूर गावी पळाले तर गिरण्या आणि गोदी चालणार कशा? १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते काढले आणि काही चाळी बांधल्या. त्याच या बी.आय.टी. चाळी. परळच्या पोयबावडीतील अशाच एका चाळीत परमपूज्य बाबासाहेब १९१२ ते १९३४ पर्यंत राहिले.

पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि त्याने बी.डी.डी. चाळी उभ्या केल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ चाळी. एक खोली १६० चौरस फुटांची, संडास-मोरी सामाईक. त्याच सुमारास परळमध्ये रुग्णालये उभी राहत होती. १९२६ मध्ये केईएम सुरू झाले. वाडियांचे प्रसूतिगृह आणि मुलांचे रुग्णालय त्याच दशकातले. १९४१ मध्ये टाटा रुग्णालय आले. १९४७ मध्ये लष्कराच्या जुन्या बराकींत शीवचे रुग्णालय सुरू झाले.

पायी जाण्याचे अंतर

या चाळी काही रुग्णालयातल्या माणसांसाठी म्हणून बांधलेल्या नव्हत्या. पण शेजार जमला. घरातला पुरुष गिरणीत, तर बहीण नाहीतर सून इस्पितळात, अशी कुटुंबे होती. नायगावच्या चाळीतून केईएमला किंवा वाडियाला बाई वीस-पंचवीस मिनिटांत पायी पोचायची. वॉर्डातल्या पुरुष नोकराला ‘मामा’ आणि बाईला ‘मावशी’ म्हणायची मुंबईच्या इस्पितळांतली रीत आहे. ती मामा-मावशी माणसे आसपासच्याच चाळींतली असायची. पाळी सुटली की बाई घरी. मूल आजारी असले तर शेजारीण निरोप पाठवायची.

त्या दिवसांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एका खोलीत आठ-दहा माणसे. रात्रपाळी करून आलेल्या बाईला दिवसा पाठ टेकायला जागा नसायची. स्टोव्ह पेटलेला, पोरांचा गलका, नळावरची भांडणे, आणि तिने कोपऱ्यात तोंडावर पदर घेऊन पडायचे. रुग्णालयाकडून कर्मचाऱ्यांना खोली मिळाली तरी ती नोकरीला बांधलेली. नोकरी संपली की सामान बाहेर. परिचारिकांची वसतिगृहे होती, पण संसार घेऊन तिथे कोण राहणार?

तरीसुद्धा एक गोष्ट मान्य होती. आवारात वसतिगृह बांधणाऱ्याला आणि कर्मचाऱ्याला खोली देणाऱ्याला हे ठाऊक होते, की जवळ राहणे हा या कामाचाच भाग आहे. अपरात्री अपघाताचे पेशंट आले तर माणूस हाकेच्या अंतरावर हवे.

आता गिरणी आणि इस्पितळ यांतला एक फरक पाहा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कारखान्यात कामाला लावण्यास मनाई केली होती. वाइंडिंग खात्यातली बाई दिवसपाळीतच काम करायची. इस्पितळाला मात्र हा कायदा लागू नव्हता, आणि आजारी माणसाला रात्रीही सांभाळावे लागतेच. गिरणीतल्या बाईच्या रात्रीचा विचार सरकारने केला, इस्पितळातल्या बाईच्या रात्रीचा तसा केला नाही. ती पायी जात होती तोवर हे खपून गेले. पुढे ती साठ किलोमीटर लांब गेली, तेव्हा तिच्या रात्रीचा वाली कुणीच नव्हता.

खोली गेली, काम तिथेच राहिले

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर काय झाले, ते आम्ही गिरणीतल्या माणसांनी घराघरांतून पाहिले आहे. पगार बंद, वाण्याची उधारी डोक्यावर. काहींनी पगडीची खोली विकली. काहींनी भावाला सोडली आणि स्वतः लांब गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि हातात आलेल्या पैशांतून कुणी कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला, तर कुणी नालासोपारा-विरारला जागा घेतली. तेव्हा वाटले, खोलीतून ब्लॉकमध्ये आलो. संडास घरात आला, स्वयंपाकघर वेगळे झाले. हा आनंद खोटा नव्हता.

पण काम तिथेच राहिले. पुरुष बेकार झाल्यावर घर चालवायला बाया बाहेर पडल्या. कुणी खानावळ घातली, कुणी धुणीभांडी धरली, आणि ज्यांची कुणाशी ओळख होती त्या इस्पितळात आया म्हणून लागल्या. कायम नोकऱ्या कमी होत गेल्या, ठेकेदार आले. कायम मावशीला निदान पगाराची तारीख, रजा आणि पेन्शन होती. ठेक्यावरच्या बाईला खोलीचे नावसुद्धा काढता येत नाही.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीवर दुसरे बांधकाम करण्याची वाट खुली केली. २००१ च्या दुरुस्तीने पालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला यायची जमीन घटली. लोअर परळला टॉवर उभे राहिले. त्या टॉवरमध्येही माणसे म्हातारी होतात, अंथरुणाला खिळतात. त्यांची मुले परदेशी असतात, किंवा घरात असून कामात असतात. मग ब्युरोला फोन जातो आणि बदलापूरहून बाई येते. जिची सासू त्याच परिसरातल्या चाळीतून पायी इस्पितळात जायची, तिची सून आज गिरणीच्या जागी बांधलेल्या इमारतीत विसाव्या मजल्यावर पेशंट सांभाळायला साठ किलोमीटरवरून येते. एका पिढीत एवढे अंतर पडले.

गिरणी कामगारांनी घरांसाठी लढा दिला आणि २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत काढली. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ज्यांनी खोली टिकवली त्यांना घर मिळाले, याचे आम्हांला समाधानच आहे. गिरणी कामगाराजवळ निदान गिरणीचा पास होता, यादीत नाव होते. घरोघरी शुश्रूषा करणाऱ्या बाईजवळ दाखवायला काय आहे?

एका दिवसाचा हिशेब

ब्युरोची पाळी साधारण बारा तासांची असते, सकाळी ८ ते रात्री ८ किंवा रात्री ८ ते सकाळी ८. दिवसपाळीची बाई बदलापूरला पहाटे साडेपाचला घर सोडते. स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, मग लोकल. कल्याणच्या पुढे गाड्या कमी, त्यामुळे एक गाडी चुकली की पुढचे सगळे चुकते. दादरला उतरून बस किंवा पायपीट. आठ वाजता पेशंटजवळ. रात्री आठला रात्रपाळीची बाई आली तर सुटका, ती लेट झाली की हिचीही गाडी गेली. घरी पोचेपर्यंत सव्वादहा. म्हणजे बारा तास कामाचे आणि पावणेपाच तास वाटेचे. उरले सव्वासात तास. त्यात पाणी भरायचे, डबा करायचा, पोरांकडे बघायचे आणि झोपायचे.

खाडा केला की त्या दिवसाचे पैसे गेले, म्हणून आठवड्याचे सातही दिवस जाणाऱ्या बाया आहेत. त्यांचे कामाचे तास होतात ८४. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा १९४६ मध्ये कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्याला आता पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. आपल्याच घरातली बाई मात्र त्या ४८ तासांच्या बाहेर उभी आहे.

लोक म्हणतात, रेल्वेचा पास तर स्वस्त आहे. पास स्वस्त आहे, हे खरेच. पैसे जातात ते दोन्ही टोकांच्या रिक्षांत. रात्री उशिरा शेअर रिक्षा भरत नाही, मग अख्खी रिक्षा करावी लागते, नाहीतर अंधारात चालत यावे लागते.

‘मग जवळ राहायला काय होते?’ असेही विचारले जाते. परळ-दादरला खोलीचे भाडे आणि डिपॉझिट तिच्या मजुरीत बसत नाही. शिवाय खोली दाखवण्याआधी आडनाव विचारले जाते, हे आपल्या समाजाला सांगायला नको. त्यातून तिचे काम एका जागी नसते. पेशंट वारला की तिचे काम संपले. ज्याला महिनोन्महिने भरवले, पुसले, त्याच्यासाठी डोळे पुसायचे आणि दुसऱ्या दिवसापासून ब्युरोच्या फोनची वाट पाहायची. पुढचा पेशंट बोरिवलीला निघेल की वाशीला, हे तिच्या हातात नाही. जवळ राहायचे म्हणजे कशाजवळ?

काही जणी चोवीस तासांचे काम धरतात. तिथे राहण्याची सोय आहे असे सांगतात. ही सोय म्हणजे पेशंटच्या पलंगाशेजारची चटई, आणि पेशंटने हाक मारली की उठायचे. महिना महिना स्वतःच्या पोरांचे तोंड दिसत नाही. याला निवारा म्हणायला आमचे मन तयार नाही.

कायदा कुठे थांबतो, तेही बघा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती, तिचे संरक्षण आणि तिच्या दारापर्यंत वाहन अशी अट घातली. कॉल सेंटरच्या मुलीला गाडी घरी सोडते, ती मिळालीच पाहिजे. पण पेशंटचे घर म्हणजे आस्थापना नव्हे. ब्युरोवाला म्हणतो, आम्ही फक्त नाव सुचवतो. पेशंटचे नातेवाईक म्हणतात, आम्ही ब्युरोला पैसे देतो. दोघांच्या मधून बाई रस्त्यावर येते. २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यात नोंदणी आली, पण वाट आणि निवारा आला नाही.

दोन प्रसंग

१४ मार्च २०१९ रोजी संध्याकाळी सीएसएमटी स्थानकाजवळचा पादचारी पूल कोसळला. मृतांमध्ये जी. टी. रुग्णालयात काम करणाऱ्या तीन भगिनी होत्या. त्या डोंबिवलीहून रात्रपाळीला येत होत्या. वर्तमानपत्रांत पुलाच्या तपासणीची आणि कंत्राटाची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण रात्रभर आजाऱ्यांची सेवा करायची, त्यासाठी आधी एवढी लांबची वाट तुडवायची, आणि त्या वाटेवरच मरण यायचे, याविषयी कुणी फार बोलले नाही.

दुसरा प्रसंग कोरोनाचा. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. रुग्णालयातल्या माणसांना आणण्यासाठी बेस्टच्या आणि एसटीच्या बसगाड्या सोडल्या. काही डॉक्टर-परिचारिकांची हॉटेलांत राहण्याची व्यवस्था झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. त्याच वेळी देशात ठिकठिकाणी आरोग्य कर्मचाऱ्यांना घरमालक घर सोडायला सांगत होते, शेजारी जिना चढू देत नव्हते. शेवटी २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी वटहुकूम काढावा लागला. स्पर्शाची ही भीती आपल्या समाजाला नवी नाही.

१५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेच्या कर्मचाऱ्यांसाठी लोकल पुन्हा धावू लागली. त्यासाठी ओळखपत्र लागत होते. घरोघरी पेशंट सांभाळणाऱ्या बाईला कोण ओळखपत्र देणार? २१ ऑक्टोबर २०२० पासून सर्व महिलांना परवानगी मिळाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. आठ वाजता पेशंटजवळ पोचायचे असलेल्या बाईला अकराची गाडी काय कामाची? आणि सकाळी आठला रात्रपाळी संपवून निघालेल्या बाईने गाडीसाठी अकरा वाजेपर्यंत कुठे बसायचे? वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ही बाई नव्हतीच.

मात्र यातून एक गोष्ट सिद्ध झाली. मनात आणले तर सरकार आठवड्याभरात बस सोडू शकते आणि राहण्याची जागाही देऊ शकते. अडचण पैशांची किंवा जागेची होती असे आता कुणाला म्हणता येणार नाही.

मग करायचे काय?

१९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी भूमिका घेतली, की बाईच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे म्हणून तो भार सरकारने उचलावा, आणि तिच्या श्रमाचा ज्याला फायदा मिळतो त्या मालकानेही त्यात वाटा द्यावा. दुसऱ्याच वर्षी, १९२९ मध्ये, तो कायदा मुंबई इलाख्यात झाला. वाटेच्या पावणेपाच तासांनाही आमच्या मते हाच न्याय लावला पाहिजे. तिच्या येण्याने ज्याच्या घरी आजारी माणूस सुखाने झोपतो, त्याने, ब्युरोने आणि सरकारने मिळून तो भार वाटून घ्यावा.

आमच्या मागण्या अशा आहेत. मोठ्या रुग्णालयांच्या आसपास पालिकेने आणि शासनाने रुग्णसेवा करणाऱ्या स्त्रियांसाठी माफक भाड्याची वसतिगृहे बांधावीत, आणि ठेक्यावरच्या व ब्युरोच्या बायांनाही तिथे प्रवेश असावा. पाळी उशिरा सुटली तर पहिल्या गाडीपर्यंत पडायला प्रत्येक रुग्णालयात कडी असलेली एक खोली असावी. ब्युरोंची नोंदणी सक्तीची करावी, बाईला ओळखपत्र मिळावे, आणि प्रवासाचे पैसे मजुरीहून वेगळे द्यावेत.

काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. विहाराचे सभागृह संध्याकाळी रिकामे असते. आई घरी येईपर्यंत मुलांना तिथे अभ्यासाला बसता येईल, आणि लक्ष ठेवायला आपल्यासारखे घरी बसलेले कामगार पुष्कळ आहेत. रात्री दहानंतर येणाऱ्या बायांची नावे लिहून घेतली तर वस्तीतल्याच दोन रिक्षावाल्यांशी ठरवून स्टेशनवरून त्यांना एकत्र आणता येईल. पहाटे जाणाऱ्या बायांना पाणी आधी भरू द्यावे, एवढे तर नळावरच ठरवता येते. आणि घरातल्या पुरुषांना आमचे सांगणे आहे, की ती सव्वादहाला दारात येते तेव्हा भाकरी तव्यावर तिनेच टाकली पाहिजे, असे कोणत्याही धम्मग्रंथात लिहिलेले नाही.

शेवटचे एक काम तरुणांनी करावे. आपल्या वस्तीत परळ-नायगावच्या इस्पितळांत वर्षानुवर्षे मावशी म्हणून राबलेल्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत. कोणत्या वॉर्डात होत्या, पगार किती होता, खोली कशी गेली, पहिली लोकल कधी धरली, हे सगळे त्यांच्याकडून वहीत उतरवून घ्यावे. त्यांच्यानंतर हे सांगणारे कुणी उरणार नाही. पुढच्या स्मरणिकेची चार पाने त्यांच्यासाठी राखून ठेवावीत, अशी संपादक मंडळाला आमची नम्र विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!